सुभेदारांची समजा-कॅसेट

सुभेदार हे सुभेदार नव्हते. फौजेतून ते हवालदार म्हणून परत आले; वरची बढती त्यांना तासगावजवळच्या त्यांच्या गावानं दिली. गावाचं म्हणणं असं की एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला हवालदार म्हणणं बरं दिसत नाही. आवाज खरोखरच तसा होता. मळ्यात उभं राहून ते बायकोला "चहा टाक" म्हणाले की शेजारच्या मळ्यांतसुद्धा आधण चढायचं. विट्याच्या माझ्या दुकानात ते पहिल्यांदा आले तेव्हा मी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलो होतो, तरी ते एसटीतून उतरल्याचं मला कळलं.

पण हा आवाज ज्या माणसात राहायला होता, त्याचं काळीज सशाचं. सुभेदारांच्या काळज्या बेदाण्याच्या सौद्यात नेऊन काट्यावर घातल्या असत्या तर काटा मोडला असता. ढग आले की द्राक्षाची काळजी. ढग नाही आले तर "गेलं कुठं, कुणाच्या बागंवर गेलं" ही काळजी. विजेच्या तारेवर कावळा बसला की ते त्याला दगड मारून उठवत, कावळ्याच्या भल्यासाठी. एसटीत बसले की चाकाची काळजी, आणि उतरले की आपल्यामागं गाडी नीट जाते का, ही काळजी. वळण घेऊन दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभे. तुमची-माझी काळजी डोक्यात फिरते आणि तिथंच मरते. सुभेदार तिच्या पुढं 'समजा' लावत, आणि तिची गोष्ट होई.

"समजा, उद्या विहिरीचं पाणी वरच्या दिशेनं चालायला लागलं."

"समजा, सावल्या माणसाला सोडून गावाला गेल्या."

"काळजी म्हंजे फुकटचं बियाणं हाय गड्या," ते मला म्हणत. "पेरलं न्हाई तर पोटात उगवतं."

त्या दिवसांत, म्हणजे नव्वद सालानंतरच्या चार-पाच वर्षांत, विट्याच्या स्टँडासमोर माझं कॅसेटी भरून द्यायचं दुकान होतं. आमच्या विट्याकडची माणसं देशभर सोनं-चांदी गाळायची दुकानं चालवतात. त्यांना गलाईवाले म्हणतात. नकाशावर कुठंही बोट ठेवा, त्या बोटाखाली एक भट्टी आणि आमच्याकडचा एक माणूस सापडेल. या माणसांना घरून पत्रं जात नसत. लिहायचा कंटाळा, आणि एसटीडीच्या पिवळ्या खोक्यात बोलायचं तर समोरचा आकडा पळतो आणि बोलणं विसरायला होतं. म्हणून घरची माणसं माझ्या दुकानात येऊन कॅसेटवर बोलत आणि जत्रेला, दिवाळीला आलेला कुणी परत जाताना ती घेऊन जाई. एक सासुरवाशीण तर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय यंत्रासमोर बसायची नाही. तिकडं ती कॅसेट सासऱ्यानंही ऐकायची होती ना.

सुभेदारांनी टॉवेलात गुंडाळलेली कोरी कॅसेट काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "दुकानदार, आवाज किती दिवस टिकतो?"

"नीट ठेवला तर वर्षानुवर्षं."

"आणि न्हाई नीट ठेवला तर?"

"बुरशी धरतो. चुंबकाजवळ गेला तर पुसतो. उन्हात टेप ताणली की बाईचा आवाज बाप्याचा होतो."

एवढं सांगितलं आणि सुभेदार बाकावर बसले ते उठेनात. एसटीच्या इंजिनात चुंबक असतं का, कंडक्टरच्या पंचिंगच्या चिमट्यात असतं का, माणसाच्या अंगात असतं का. पुढं कॅसेट घेऊन प्रवास करायचा झाला की ते मागच्या बाकावर बसत. मांडीवर टॉवेल, टॉवेलात कॅसेट, वर दोन्ही हात. तासगावचा एक कंडक्टर दर वेळी विचारायचा, "सुभेदार, लेकराचं अर्धं काढू का?"

"मला गोष्ट भरायचीया," त्या पहिल्या दिवशी ते शेवटी म्हणाले. "खोटी."

"देवाधर्माची?"

"न्हाई. पुढची. जी अजून घडली न्हाई, ती."

ही खोड त्यांना फौजेत लागलेली. बर्फातल्या एका चौकीवर त्यांनी आख्खा हिवाळा काढला होता. तिथं एका चौकीतून दुसरीला जाणारी टेलिफोनची तार, आणि एकानं बोललं की सगळ्या चौक्यांत ऐकू जाई. संध्याकाळी काम नसलं की सुभेदार त्या तारेवर गोष्ट सांगत. खरी गोष्ट सांगायची सोय नव्हती. खरं काय ते सगळ्यांना खिडकीतून दिसतच होतं. म्हणून ते बर्फाचं तूप करत, डोंगर चालायला लावत. सुभेदारांच्या सांगण्याप्रमाणं त्यांची गोष्ट ऐकायला पलीकडच्या देशाचे जवानही तारेला कान लावून बसत आणि चुकीच्या ठिकाणी हसत. हे मी काही बघितलेलं नाही. पण आवाज बघता तारेची गरजही नसावी.

एवढं सगळं विट्यात येऊन, पैसे मोडून का करायचं, हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. आम्ही सगळे त्यांना काकी म्हणत असू. काकी बोलायला कमी, पण बोलल्या की समोरच्याला उत्तर उरत नसे.

सुभेदारांना एकच मुलगा. त्याला फौजेत घालायचं हे त्यांनी तो रांगत असतानाच ठरवलेलं. रोज पहाटे मुलगा कालव्याच्या कडेनं पळायचा आणि मागं सायकलवर सुभेदार, सूचना देत. श्वास असा घे, हात असा ठेव, खाली बघू नको, वर बघू नको. सांगलीला भरतीच्या मैदानावर पोरगं सगळ्यांच्या पुढं होतं. दोरीच्या बाहेरून सुभेदारही बरोबरीनं पळत होते, ओरडत होते. शेवटची रेघ समोर दिसत असताना पोरगं थांबलं. बापाकडं एकदा बघितलं, दोरीखालनं वाकून बाहेर आलं आणि चालत निघून गेलं. बाहेर विट्याचा एक दोस्त उभा होता. तिथनं मिरजेला, मिरजेतनं गाडीनं खाली दक्षिणेत, कुठल्यातरी गलाईच्या दुकानात. कुठल्या, ते माहीत नाही.

"त्यांनी लोकांना कितीदा सांगितलं, पोराच्या बुटात दोष हुता," काकी म्हणाल्या. "बूट काय करंल? त्या पोराला पळताना सुद्धा ऐकून घ्यावं लागत हुतं."

सगळ्या विट्याला ठाऊक असणार तो कुठं आहे ते. पण पोरानं सांगू नका म्हटलेलं, आणि गलाईवाला सोन्याचा कस सांगेल, कुणाच्या घरातलं सांगायचा नाही. सुभेदार विचारायलाही जात नसत. बापानं पोराचा पत्ता दुसऱ्याला विचारायचा, यापेक्षा मान कापून ठेवावी, असं त्यांचं मत. मग उपाय एकच राहिला. पोरगं कुठल्या भट्टीवर आहे ते कळत नाही ना, मग प्रत्येक भट्टीवर आवाज पोचवायचा. म्हणून सुभेदारांनी भारतवर्षाला गोष्टी सांगायला काढल्या.

रेकॉर्डिंग त्यांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये व्हायचं. शेड म्हणजे एकावर एक जाळ्यांचे कप्पे, त्यावर पसरलेली द्राक्षं, चारी बाजूंना हिरवं कापड. मी आयुष्यात पुष्कळ स्टुडिओ ऐकलेत, पण आवाज त्या शेडसारखा कुठंच बसला नाही. दोन्ही अंगांना वाळती द्राक्षं. बोललेलं सगळं ती पिऊन घेत, घुमणं म्हणून नाही. सुभेदार मधल्या बोळात पोत्यावर बसून बोलायचे, मी माझा टेपरेकॉर्डर सांभाळायचो. दुपारी मजूर बाया जेवून कलंडल्या की सुरुवात. बेदाण्याचा हंगाम संपला की शेड रिकामी घुमायची. मग काकींच्या घरातल्या सगळ्या वाकळा जाळ्यांवर लटकत, आणि पाहुणे आले की त्यांना पांघरायला काही नसे.

कॅसेटच्या पुढच्या बाजूला गोष्ट. मागच्या बाजूला ती गोष्ट कशी रचली, त्याचं बोलणं. एवढ्या वर्षांत गोष्ट लिहिण्यावर मी इतकं शहाणं काही ऐकलं नाही, आणि मी भाषणांच्याही कॅसेटी भरल्या आहेत.

"एका गोष्टीत एकच खोटं घालायचं," सुभेदार भारतभरच्या गलाईवाल्यांना सांगत. "पहिल्याच वाक्यात घालायचं, आन् मग शेवटापतुर खरं बोलायचं. दुसरं खोटं घातलं की ऐकणारा उठतो आन् तंबाखू मळायला जातो."

किंवा, "आकाशातनं आलेला पाहुणा हिरवा हाय का निळा हाय, ते मरू दे. त्यो आल्यावर घरात दूध हुतं का न्हवतं, ते आधी सांगा."

गोष्टीतल्या सगळ्या बायका काकी करायच्या. चंद्रावरची राणी, समुद्राखालची म्हातारी, यंत्रमानवाची आई. सुभेदार लिहून देत, काकी तो कागद चुलीत घालत आणि आपल्या मनानं बोलत. एकदा चंद्रावरच्या राणीनं पृथ्वीवरच्या माणसाला कैद करायचं होतं. काकींनी विचारलं, "जेवून आलायस का तसाच आलायस?" सुभेदार डोळे मोठे करून खुणा करायला लागले. काकींनी खुणा बघितल्या आणि म्हणाल्या, "मग हात धुऊन घे." ती गोष्ट सगळ्यात गाजली. अवकाशयानाचा आवाज गांधीलमाशांचा होता. गोडावर यायच्याच त्या. आम्ही डबा उपडा घालून एक धरायचो आणि माइक डब्याला लावायचो. यान उतरताना झाकण हळूहळू उघडायचं. यानानं सुभेदारांना दोनदा डंख मारला, पण त्यांनी गोष्ट थांबवली नाही. तिसऱ्या ग्रहावरचा माणूस मधेच का कळवळला, ते फक्त आम्हाला माहीत.

मागच्या बाजूची शेवटची थोडी टेप कोरी ठेवायची, असा नियम. ती ऐकणाऱ्यांसाठी. गोष्ट ऐकून कुणाला काही विचारायचं असेल, भांडायचं असेल, तर त्यानं तिथं बोलावं आणि कॅसेट पुढच्या दुकानाला द्यावी. दहा-बारा कॅसेटी जायच्या. वर्ष-सहा महिन्यांनी, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या बाराव्याला आलेल्या माणसाच्या पिशवीतून परत यायच्या. शेवटाला दहा तऱ्हेचे आवाज. मागं भट्टीचा भाता फुरफुरतोय, परमुलखातला कुणी फेरीवाला ओरडतोय, आणि मधनंच विट्याकडची अस्सल बोली:

"सुभेदार, विहिरीचं पाणी वर गेलं, ते पटलं. पण त्यातल्या बेडकांचं काय केलंत?"

बेडकांचं ऐकून सुभेदार चार दिवस जेवले नाहीत. "चूक झाली गड्या. बेडूक राहिलं." पुढच्या कॅसेटच्या मागच्या बाजूला त्यांनी सगळ्या मुलखाची माफी मागितली आणि बेडकांची सोय लावली.

पण या गमती माझ्यासारख्याला. सुभेदारांचा खरा कान प्रश्नांवर नसायचा. कॅसेट परत आली की ती माझ्याकडं घेऊन यायचे, आणि मला म्हणायचे, "लाव. शेवट लाव." मग यंत्रासमोर उकिडवे बसून त्यातल्या एकेका आवाजाला कान लावायचे. हा कोण, हा कोण, हा तर नाही. घामानं मानेवरचा टॉवेल भिजायचा. आणि गंमत अशी की त्यांना ऐकताच यायचं नाही. समोरचा बोलायला लागला की हे त्याला उत्तर द्यायला सुरुवात करायचे, यंत्राला. "आरं पण ऐक की माझं." मी म्हणायचो, "सुभेदार, तो तिकडं मदुरेला आहे, आणि हे त्यानं पाडव्याला बोललंय." ते म्हणायचे, "मग काय झालं, चुकलंय त्येचं." टेप मागं घेऊन घेऊन माझ्या यंत्राची बटणं ढिली झाली.

सगळे आवाज संपले की रिकाम्या टेपेची खरखर. ती बंद करायला गेलो तर माझा हात धरायचे. "ऱ्हाऊ दे. समजा, खोकला तरी आला."

अशा तीन दिवाळ्या गेल्या. मुलाचा आवाज नाही. सुभेदारांच्या काळजीला आता नवे फाटे फुटले. समजा, पोराचं दुकानच बदललं. समजा, त्याच्या दुकानात टेप नाही. समजा, तो ऐकतो आणि आवडत नाही. या तिसऱ्या समजाला ते सगळ्यात भ्यायचे. कुणा कुणाला विचारायचे, गोष्ट जरा छोटी करू का, जरा मारामारी घालू का, तरुण पोरांना काय लागतं. एक गोष्ट तर त्यांनी आख्खी पळण्याच्या शर्यतीवर रचली आणि भरून झाल्यावर स्वतःच पुसली.

मग ती गोष्ट आली.

दिवाळी होती. शेडमध्ये वाकळा लटकवलेल्या. सुभेदारांनी नेहमीसारखा घसा खाकरला आणि म्हणाले, "समजा, एका गावात माणसाचा आवाज माणसाच्या आधी घरी पोचतो." कुणी परगावाहून यायचं असलं की आधी त्याचा आवाज येतो, दारात, पायरीवर, न्हाणीत. बाई भाकरी थापताना एकदम तव्यामागनं भावाचा आवाज येतो, की ती आणखी चार भाकरीचं पीठ मळायला घेते. भाऊ आठ दिवसांनी येणार, हे पक्कं. सगळं गाव आवाजावर चालतं. आवाज आला की गादी उन्हात टाकायची. फक्त एका घरात कुठलाच आवाज येत नाही. त्या घरातली बाई रोज गादी उन्हात टाकते. घरातला म्हातारा माळवदावर चढून चारी दिशांना कान लावतो.

इथं सुभेदार थांबले. मला वाटलं, पान उलटतायत. पण हातात पान नव्हतंच.

"फुडं मला सुचत न्हाई," ते म्हणाले. "काय हुतं, ते तुमी सांगा."

गोष्ट सांगणाऱ्यानं आपल्याला सुचत नाही असं कधीच कबूल करायचं नाही, हा त्यांचा मागच्या बाजूचा पहिला नियम. मी यंत्र बंद केलं. काकींनी जाळीवरची वाकळ काढून घडी घातली.

कॅसेटी गेल्या. तो हिवाळा सुभेदारांनी माझ्या दुकानाच्या बाकावर काढला म्हटलं तरी चालेल. बागेत भुरीचा रोग आला, त्यांना कळला नाही. ढग आले, ढग गेले. त्यांनी वर बघितलं नाही. हे मला भलतंच वाटलं. एरवी एवढ्या काळज्या करणारा माणूस सगळ्या सोडून एकाच काळजीवर येऊन बसला, तर त्याच्या जवळ उभं राहायची भीती वाटते.

चैत्रातल्या जत्रांना माणसं गावी आली आणि कॅसेटी यायला लागल्या. या वेळी कोरी टेप कुणाला पुरली नव्हती. प्रत्येक भट्टीवर शेवट तयार.

"म्हाताऱ्याला म्हणावं, घराचं तोंड बदल. आवाज मागल्या दारानं येऊन जात असंल."

"सुभेदार, माझी बायको म्हणती, त्या बाईनंच जाऊन पोराला आणावं. बाप्या माणसाच्यानं काय हुतंय."

एक जण काहीच बोलला नव्हता, नुसता रडला होता आणि मग म्हणाला होता, "पुढच्या दुकानाला देतो."

सुभेदार एकेकाशी वाद घालत होते. मी टेप मागंपुढं करत होतो. काकी त्या दिवशी बाजाराला विट्यात आलेल्या; दुकानाच्या पायरीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. एका कॅसेटच्या अगदी शेवटी, भात्याच्या आवाजातून, कुणीतरी श्वास घेतला.

"ह्योच," सुभेदार ओरडले. स्टँडावरचा हमाल दारात येऊन उभा राहिला. "ह्योच माझा, आवाज वळखला, ह्योच त्यो, बाळ्या, आरं कुठं हायस."

तोवर टेप संपली होती.

मी मागं घेतली. पुन्हा श्वास आला, पुन्हा सुभेदार बोलायला लागले, पुन्हा टेप संपली. तिसऱ्या खेपेला काकी पायरीवरून उठल्या, आत आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. साऱ्या बाजारपेठेसमोर. मग ऐकू आलं.

"त्या घरात आवाज येत हुता. म्हातारा सारखा बोलत हुता, म्हणून कळला न्हाई."

बस. एवढंच. काकींनी हात काढला. सुभेदार काहीतरी म्हणणार म्हणून मी वाट बघत होतो.

"खोटं काय बोलला त्यो?" काकी म्हणाल्या आणि पिशवी घेऊन गाडीला गेल्या.

दोन दिवसांनी सुभेदारांचा निरोप आला, यंत्र घेऊन ये. मी गेलो. द्राक्षं अर्धी वाळलेली, शेड गच्च भरलेली. मी विचारलं, काय गोष्ट? त्यांनी मान हलवली. कागद? नाही. पोत्यावर बसले, बटणाकडं बोट केलं. मी दाबलं.

सुभेदार काही बोलले नाहीत.

आधी मला वाटलं, सुचत नाही. मग कळलं, हीच गोष्ट. म्हणजे गोष्ट नाहीच. त्यांना आख्खी कॅसेट गप्प बसायचं होतं.

तुम्ही सुभेदारांना बघितलेलं नाही, म्हणून तुम्हाला हे सोपं वाटेल. मी बघितलं आहे. पहिल्या पाच मिनिटांतच त्यांच्या गळ्यातली शीर टरारली. डोळ्यांत पाणी आलं. एक गांधीलमाशी येऊन नाकाच्या शेंड्यावर बसली. ते तिच्याकडं बघत राहिले, ती यांच्याकडं. बाहेर व्यापारी आला, "सुभेदार, हायसा का" म्हणून दोन हाका मारून गेला. त्यांनी टॉवेलाचा बोळा तोंडात धरला.

आणि मग कापडाच्या फटीतला उजेड गेला.

मी मान वाकडी करून बघितलं. डोंगराकडनं वळीव येत होता, काळाकुट्ट, वारा पुढं घेऊन. शेडवर पत्रा होता, पण बाजूंना नुसतं कापड. वरून ताडपत्री सोडली नाही तर वाऱ्याबरोबर झड आत येणार आणि अर्धा वाळलेला माल काळा पडणार. वर्षाचं पीक त्या जाळ्यांवर. बाया झाडाखाली झोपलेल्या. सुभेदारांनी एक हाक मारली असती तर नुसत्या आवाजानं ताडपत्र्या खाली आल्या असत्या.

मी बटणाकडं हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं. मी खुणेनं ढग दाखवला. त्यांनी बघितला. पण मनगट सोडलं नाही. उठून बाहेर पळायलाही तयार नाहीत, कारण पोत्याचा आवाज झाला असता, आणि त्या पोराला वाटलं असतं, म्हातारा कंटाळून उठला. मी तरी जावं, तर मला सोडत नाहीत. आम्ही दोघं तसेच, एकमेकांचा हात धरून, समोर टेप फिरतेय आणि पत्र्यावर टपोरे थेंब पडायला लागलेत.

काकी घरातनं धावत आल्या. आत डोकावल्या. नवऱ्याच्या तोंडातला बोळा बघितला, फिरणारी टेप बघितली. आणि तशाच मागं फिरल्या. बायांना हलवून उठवलं असणार, कारण बाहेर पावलांची धावपळ झाली, दोऱ्या सुटल्या, ताडपत्र्या आल्या. एका अंगाच्या आल्या. दुसऱ्या अंगाच्या येईपर्यंत झड आत शिरली होती. आमच्या पाठीवरून पाणी गेलं आणि त्या अंगाचा सगळा माल आमच्या डोळ्यांसमोर भिजला.

बाजू संपली. बटण आपोआप वर आलं. आता बोलतील म्हणून मी कान झाकायच्या तयारीत. सुभेदारांनी कॅसेट काढली, उलटी केली, पुन्हा घातली.

दोन्ही बाजू झाल्यावर त्यांनी तोंडातला टॉवेल काढला, पिळला आणि भिजलेल्या जाळीवरून हात फिरवला. त्या वर्षी त्यांच्या एका अंगाच्या बेदाण्याला कुणी हात लावला नाही. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत, आणि सुभेदारांच्या बाबतीत हे वाक्य लिहायला मला अजून जड जातं.

त्या कॅसेटच्या नकला केल्या नाहीत. एकच. ज्या माणसाच्या पिशवीतनं पोराचा आवाज आला होता, त्याच्या हातात ती दिली आणि सुभेदार म्हणाले, "ज्यानं दिली, त्यालाच दे." कुठं, कोण, काही विचारलं नाही. तो माणूस गाडीत बसला. गाडी वळेपर्यंत सुभेदार रस्त्यात उभे.

दसरा झाल्यावर कॅसेट परत आली. मी ती घेऊन, तडक मिळेल त्या गाडीनं, तासगावला आणि तिथनं त्यांच्या गावी. सुभेदार अंगणात होते. कॅसेट बघितली आणि खाली बसले.

"आत्ता नगं."

"अहो, सुभेदार."

"समजा, त्यानं ऐकलीच नसंल. समजा, खराब निघाली म्हणून परत दिली असंल. समजा, शेवटाला काय न्हाईच." पहिल्यांदाच त्यांचा समजा गोष्टीच्या दिशेनं जात नव्हता. नुसता जागच्या जागी फिरत होता. मी यंत्र लावून बसलो, ते बटण दाबू देईनात. चहा झाला. ते देईनात. शेवटी काकी हात पुसत आल्या. त्यांना आमचे नियम ठाऊक नव्हते, की उत्तर असतं ते मागच्या बाजूच्या शेवटाला. त्यांनी कॅसेट हाताला येईल तशी घातली, आणि पुढची बाजू पहिल्यापासून लागली.

तिथं सुभेदारांची चुप्पी असायला हवी होती. पाऊस, गांधीलमाशी, व्यापाऱ्याच्या हाका. तिथं भाता फुरफुरत होता. पोरानं बापाच्या गप्प बसण्यावर आपलं बोलणं भरलं होतं. मी टेपेचं चाक बघितलं. कोरं कुठं ठेवलेलं दिसत नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आबा," आवाज आला. "मी सांगतो. मधी बोलू नका."

सुभेदारांनी यंत्राकडं बघून मान हलवली.

"मान काय हलवताय," काकी म्हणाल्या, "त्याला दिसतंय व्हय?"

सुभेदारांनी ओठांवर बोट ठेवलं.